आवाज आणि ठिकाण



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हास निमंत्रण दिले, तेव्हा आम्ही कामगार चळवळीवर बोलू असे त्यांनी गृहीत धरले असावे. विषय म्हणून आम्ही 'आवाज आणि ठिकाण' असे लिहून पाठविले, तेव्हा त्यांच्यापैकी एका गृहस्थांनी फोन करून विचारले, 'म्हणजे लाऊडस्पीकरच्या त्रासाविषयी बोलणार का?' तसे नव्हे. हमाल-मापाड्यांच्या संघटनेत आमची तीस वर्षे गेली, आणि एवढ्या काळात आवाज ही आपण करावयाची गोष्ट आहे, अशीच आमची समजूत होती. सभेत करावयाचा, मोर्चात करावयाचा, कचेरीच्या दारात करावयाचा. आवाज ही ऐकावयाचीही गोष्ट आहे, हे आम्हास अकरा मुलांनी शिकविले. त्याची हकीकत सांगावी एवढाच आजचा हेतू. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे गावोगाव तिचे अनुकरण झाले, ते लोकांनी कानांनी शिकावे म्हणून. आमच्यासारख्या, शाळा लवकर सुटलेल्या माणसाचे बरेचसे शिक्षण अशाच सतरंज्यांवर बसून झाले आहे. तेव्हा कानांविषयी चार शब्द बोलण्यास याहून योग्य जागा आम्हास दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबर महिन्यात, एका महाविद्यालयातील प्राध्यापिका आमच्या कचेरीत आल्या. त्यांच्या वर्गाला त्या सत्रात एक काम नेमून दिलेले होते. जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातील एक ठिकाण निवडावे. त्या ठिकाणासाठी सुमारे बारा मिनिटांची एक ध्वनिकृती करावी. ऐकणाऱ्याने त्याच ठिकाणी उभे राहून, कानाला हेडफोन लावून ती ऐकावी. दुसरीकडे कोठे ऐकली तर तिचा अर्थ निम्मा व्हावा, अशी तिची बांधणी असावी. आम्ही विचारले, 'बाई, याला गुण कसे देणार?' त्या हसून म्हणाल्या, 'तेच मलाही शोधायचं आहे.' आमच्याकडे येण्याचे कारण इतकेच, की दोन्ही तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर आमची ओळखपाळख आहे, आणि त्यांच्या मुलांना लोकांशी बोलता येत नाही.

खरे सांगावयाचे तर आम्हाला हे खूळ वाटले. सुखवस्तू घरच्या मुलांनी रिकाम्या वेळात करावयाचे काहीतरी. परंतु मुले पाहिली तेव्हा त्यांतील चौघांच्या घरी टोमॅटोची शेती, एकाचे वडील एस.टी.त वाहक, आणि एक मुलगी तर आमच्याच एका हमाल बंधूंची. तेव्हा खूळ असले तरी आपल्याच घरातले आहे, असे मनाशी म्हणून आम्ही त्यांच्याबरोबर निघालो.

आवाज ठिकाणाशी बांधलेला असतो म्हणजे काय, हे प्रथम आम्हालाच उमजत नव्हते. ते उमजले भीमाशंकरच्या घंटेवरून. आपल्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली असेल. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तेथील चर्चमधल्या ज्या घंटा देशावर आल्या, त्यांतली ही एक. धातू तोच, लोलक तोच. वसईला समुद्राकाठी ती प्रार्थनेला बोलावीत होती. येथे सह्याद्रीच्या धुक्यात ती वेगळ्या देवासमोर, वेगळ्या लोकांसाठी वाजते. आता ती घंटा कोणी टिपून घेतली आणि जुन्नरच्या बाजारपेठेत वाजविली, तर ती कोणती घंटा म्हणावी? वसईची, भीमाशंकरची, की नुसतीच घंटा? हा प्रश्न आम्ही मुलांना घातला, आणि त्यांच्या बाई म्हणाल्या की आमचा अभ्यासक्रम एवढाच आहे, तुम्ही तो एका वाक्यात सांगितलात. आम्ही फुशारलो, हे कबूल केले पाहिजे.

मग आम्हीही थोडे वाचन केले. जगात हा उद्योग नवा नाही, आणि त्याच्या मुळाशी आमच्याच वर्गाची माणसे आहेत हे वाचून आम्हाला विशेष आनंद झाला. ७ नोव्हेंबर १९२२ रोजी, रशियन क्रांतीच्या पाचव्या वाढदिवशी, आर्सेनी अव्रामोव्ह नावाच्या संगीतकाराने बाकू या तेलाच्या शहरात कारखान्यांचे भोंगे, आगगाडीची इंजिने, कास्पियन समुद्रातील जहाजांचे कर्णे आणि तोफा या सर्वांचे मिळून संगीत वाजविले. सारे शहरच वाद्य. ज्यांच्या घरातील माणसे मुंबईच्या गिरणीत होती त्यांना भोंगा म्हणजे काय हे सांगावयास नको. तो वाजला की चाळ हलत असे. आणि १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला त्यानंतर किती भोंगे पुन्हा कधी वाजलेच नाहीत. त्या आवाजाने ज्यांची आयुष्ये वाटून दिली, त्यांतले पुष्कळ आपल्या याच दोन तालुक्यांतले होते. भोंगा हे संगीत आहे असे त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते याची आम्हास कल्पना आहे, परंतु ते या व्यासपीठावरून सांगता येणार नाही.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. जॉन ॲक्सन नावाचा एक इंजिनड्रायव्हर १९५७ साली ब्रेक निकामी झालेली मालगाडी सोडून न जाता तिच्यावरच राहिला आणि मेला. त्याच्यावर इवान मॅक्कॉल, चार्ल्स पार्कर आणि पेगी सीगर यांनी १९५८ साली बी.बी.सी.साठी एक कार्यक्रम केला. तोपर्यंत अशा कार्यक्रमात कामगारांचे बोलणे लिहून काढीत आणि नट ते वाचीत. या मंडळींनी ॲक्सनच्या सोबत्यांचे आवाज जसे होते तसे, त्यांच्या हेलासकट, लावले. आमच्या मते ही मोठी क्रांती होती, आणि ती कोणाला गोळी न लागता झाली. पुढे कॅनडात मरे शेफर या संगीतकाराने व्हँकूव्हर शहराचे आवाज शिष्यांकडून टिपवून घेतले आणि १९७३ साली प्रसिद्ध केले. तर जॅनेट कार्डिफ या बाईंनी १९९१ पासून अशा कृती केल्या, की ऐकणाऱ्याने हेडफोन लावून एका ठरावीक वाटेनेच चालावे. आमच्या वर्गाचे काम या शेवटच्या जातीचे.

आणि आपल्या घरचे? पुणे जिल्ह्यात गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कित्येक बायकांच्या तोंडून ध्वनिमुद्रित केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या. जाते गेले, चक्की आली, आणि ओवी म्हणावयाची जागाच राहिली नाही. गळा आहे, पण त्याला खाली घरघर नाही. आवाज ठिकाणाला बांधलेला असतो हे त्या ओव्यांइतके कशानेच कळत नाही.

असो. मुलांची पहिली निवड अर्थातच शिवनेरी. त्यांनी घोड्यांच्या टापा, तुतारी, तलवारींचा खणखणाट असे सगळे संगणकावर जमवूनही ठेवले होते. आम्ही विचारले, 'या टापा कोठल्या?' शोध घेतल्यावर त्या कोणत्यातरी परदेशी सिनेमाच्या निघाल्या. मुलांना थोडी लाज वाटली. गडावर दम लागलेल्या माणसांचा श्वास आहे, पायऱ्यांवर घासणाऱ्या चपला आहेत, दरवाज्याखाली आल्यावर एकाएकी बदलणारा आपलाच आवाज आहे, ते सोडून हे कशाला? परंतु ती निवड बारगळली ती आमच्या बोलण्याने नव्हे. सहलींच्या गर्दीत त्यांना सलग दोन मिनिटेही नीट मिळेनात.

मग लेण्याद्री. तेथे गणपतीचे स्थान असलेले मोठे दालन खांबांविना आहे, आणि त्यात टाळी वाजविली तर ती घुमत राहते. येथे आम्हास बोलण्यास जागा मिळाली. जुन्नरच्या डोंगरांतून दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत, आणि त्यांतील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत राजे थोडे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दिले आहे. बांबूचे काम करणारे आणि कासार यांच्या श्रेण्यांकडे ठेवी ठेवल्याचा उल्लेख आहे. श्रेणी म्हणजे काय? एका धंद्यातल्या लोकांनी एकत्र येऊन केलेली संघटना. आम्ही मुलांना म्हटले, आमच्या कचेरीपेक्षा ही कचेरी सुमारे दोन हजार वर्षे जुनी आहे आणि पावती अजून भिंतीवर आहे. मुले हसली. पण त्यांच्यातल्या एका मुलीने त्या दालनात एक गोष्ट केली, ती आम्ही विसरणार नाही. तिने सर्वांना बाहेर काढले आणि रांगेत थोडा खंड पडताच रिकाम्या दालनाची एक मिनिटभर शांतता टिपून घेतली. आम्ही विचारले, काहीच नाही ते कशाला टिपतेस? तिने हेडफोन आमच्या कानाला लावला. काहीच नाही असे नव्हते. दगडाचा गारवा ऐकू यावा तसे काहीतरी होते. प्रत्येक जागेची शांतता निराळी असते, आणि दोन तुकडे जोडताना मध्ये त्याच जागेची शांतता भरावी लागते; दुसरीकडची भरली तर ठिगळ कळते. शिंप्याचाच न्याय.

नाणेघाटात वाऱ्याने सगळे पळविले. सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख ज्या लेण्यात आहे तेथे आम्ही दोन तास बसलो, बाहेरचा तो जकातीचा दगडी रांजण पाहिला, आणि परत येऊन ऐकतो तो नुसती फडफड. माइकवर केसाळ टोपी घातल्याशिवाय घाटमाथ्यावर जाऊ नये, एवढे त्या दिवशीचे ज्ञान. खोडदच्या दुर्बिणीचाही विचार झाला. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तेथे आकाशाकडे कान लावून आहेत, असे आपण म्हणतो. वस्तुतः त्या आवाज ऐकत नाहीत, रेडिओलहरी टिपतात, आणि त्या लहरींचा गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडली गेली. आपल्या खिशातला मोबाइल हा तेथे गोंगाट. एका मुलाला ही कल्पना फार आवडली होती. पण जेथे आपले यंत्र हाच उपद्रव, तेथे यंत्र घेऊन जाणे शहाणपणाचे नव्हे.

माळीणचे नाव एका मुलाने काढले, तेव्हा मात्र आम्ही प्रथमच आवाज चढविला. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव नाही हे बाहेरच्या जगाला प्रथम कळले ते एस.टी.च्या चालकामुळे, तो आपल्या रोजच्या फेरीवर आला आणि त्याला गाव दिसेना. तो मुलगा वाईट हेतूने बोलला नव्हता. पण तेथे आपण काय टिपणार, आणि तेथे राहणाऱ्याने ते कानाला लावून का ऐकावे? बाईंनीही आमचेच म्हणणे धरले.

शेवटी ठिकाण ठरले ते डिंभे धरणाचा काठ.

आपल्या तालुक्याला आंबेगाव म्हणतात, पण आंबेगाव कोठे आहे असे परगावच्या माणसाने विचारले तर आपण त्यास काय दाखवितो? कारभार घोडेगावातून चालतो, बाजार मंचरला भरतो, आणि ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते पाण्याखाली आहे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. त्यांतल्या डिंभ्याने घोड नदी अडविली. त्या पाण्यावर खालच्या अंगाचे ऊस आणि द्राक्षे उभी आहेत, बाजार समितीतले आमच्या हमालांचे कामही त्याच पाण्यावर आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्यांची भाताची खाचरे बुडाली ते महादेव कोळी शेतकरी वर डोंगरउतारावर सरकले. पडकई म्हणून पाळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबून त्यांनी उतारावर पुन्हा खाचरे रचली. 'शाश्वत' संस्थेच्या कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांनी त्यांच्यात वर्षानुवर्षे काम केले. पुढे याच लोकांनी जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. उन्हाळ्यात पाणी उतरते तेव्हा जुन्या गावाचे पडके अवशेष उघडे पडतात.

फेब्रुवारीपासून मुले दर आठवड्याला काठावर जाऊ लागली. पहाटे गेले पाहिजे हे त्यांना लवकरच कळले. सकाळी पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, तेव्हा आवाज वर निसटून जाण्याऐवजी पाण्यावरून वाकत दूरवर येतो. समोरच्या काठावरचे कोळी आपापसांत बोलतात ते आपल्या शेजारी बोलल्यासारखे ऐकू येते. नऊ वाजले की ही जादू संपते. एके ठिकाणी टाळी वाजविली तर समोरच्या कड्यावरून ती दोन सेकंदांनी परत येई. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. जाण्यायेण्याचे दोन सेकंद, म्हणजे कडा ३४० मीटरवर. आम्ही आयुष्यभर गणिताला भ्यालो, पण हे गणित आम्हास टाळीने शिकविले.

आणि मार्चमध्ये तो प्रसंग घडला, ज्यासाठी आम्ही आज उभे आहोत.

काठाच्या वर एक वाडी आहे. तेथे अंगणात हिरडा वाळत घातलेला होता आणि दोन म्हाताऱ्या जावा तो निवडीत बसल्या होत्या. बोलता बोलता थोरलीने बुडालेल्या गावाची गल्ली सांगावयास सुरुवात केली. कोणाच्या दाराशेजारी कोणाचे दार, मग चिंच, मग कोणाचा गोठा, मग पाणवठ्याची उतरण. एकही घर न गाळता, जणू चालतच निघाली होती. एक मुलगा जवळ बसून पाणी पीत होता. त्याने खिशातले यंत्र सुरू केले. चार मिनिटे.

संध्याकाळी आमच्या कचेरीत ते सर्वांनी ऐकले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले, आणि आम्हीही सरळ बसून ऐकू शकलो नाही. बारा मिनिटांचा कणा मिळाला होता. ऐकणारा उघड्या पडलेल्या चिखलावर उभा राहील, आणि कानात ती गल्ली त्याच्या पायाखालून जाईल. याहून ठिकाणाशी बांधलेले दुसरे काय असणार? मग आम्ही विचारले, 'आजींना विचारलं होतंस का?' मुलगा म्हणाला, 'विचारलं असतं तर त्या अशा बोलल्याच नसत्या.'

त्याचे म्हणणे खोटे नव्हते, हे आम्ही आजही मानतो. पण आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली. एका कारखान्याच्या फाटकावर आमची सभा झाली होती. मालकाच्या माणसाने ती चोरून टेप केली आणि पुढे तीच टेप वाजवून तिघांना कामावरून काढले. तेथे जे बोलले गेले त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तरी तो आवाज आम्ही मालकाला दिलेला नव्हता. मुलांना ही तुलना फार लागली. आम्ही चोर आहोत काय, असे एकीने विचारले. नाही. चोराला आपण चोर आहो हे ठाऊक तरी असते. आम्ही, म्हणजे आम्ही स्वतःही त्यात आलो, रडत रडत ऐकत होतो.

कायदा काय म्हणतो तेही पाहिले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्याचा हक्क आला, कलम ३८. सादर करणारा कोण याची यादी मोठी मौजेची आहे: नट, गायक, नर्तक, डोंबारी, जादूगार, गारुडी, आणि त्याच ओळीत व्याख्यान देणारा माणूस. म्हणजे या क्षणी कायद्याच्या दृष्टीने आम्ही गारुड्याच्या पंक्तीला आहोत. अंगणात हिरडा निवडीत जावेशी बोलणारी बाई त्या यादीत बसते की नाही यावर वकील वाद घालोत. आम्हाला त्यासाठी वकील लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा, बाई आणि आम्ही वाडीवर गेलो. कृती सादर करण्यास बारा दिवस उरले होते. मुलाने सर्व सांगितले आणि हेडफोन पुढे केला. आजींनी थोडे ऐकले आणि काढून ठेवला.

'ही मेलेल्यांची नावं आहेत, लेकरा. मी ती जावंला सांगत होते. तुझ्या डबड्याला नव्हते सांगत.'

'आजी, चुकलं माझं. मग काय करू?'

'पुसून टाक.'

त्याने त्यांच्यासमोर पुसले. मग आम्ही हिशेब केला: एक प्रत यंत्रात, एक बाईंच्या संगणकावर, एक मुलांपैकी एकीच्या मोबाइलवर. तिन्ही गेल्या. तो मुलगा रडला नाही, पण परतीच्या वाटेवर घोडेगावपर्यंत तो बोललाही नाही. आमच्या मनात आले, की आपण हे फार ताणले काय? आजी दोन वर्षांनी नसतील, ती गल्ली पुन्हा कोणी सांगणार नाही. सभेतले भाषण आणि हे एक नव्हे. याचे उत्तर आमच्याजवळ तेव्हा नव्हते. आजही पुरते नाही. एवढे खरे, की कोणाचे तरी म्हणणे त्याच्या वतीने मांडण्यात आमचे आयुष्य गेले, आणि त्यांनी ते आम्हाला मांडावयास सांगितले होते काय, हे आम्ही दर वेळी विचारले होते असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

चार दिवसांनी मुले काठावर काम करीत असता आजी आपण होऊन काठी टेकीत खाली आल्या. म्हणाल्या, 'पायाचा आवाज घ्या हवा तर. बोलायची नाही.' आणि त्या उतरलेल्या पाण्याच्या कडेने, भेगाळलेल्या चिखलावरून चालत गेल्या. मध्येच थांबत. कोठे थांबल्या ते त्यांना ठाऊक. मुलांनी तेवढेच घेतले.

कृती झाली ती अशी. आरंभी पहाटेचे पाणी आणि समोरच्या काठावरचे होडीचे वल्हे. मग ती टाळी आणि तिचे परत येणे. मग आजींची पावले, काठी, थांबणे. आणि मध्यावर चार मिनिटे, जेथे गल्ली होती तेथे, त्या जागेची नुसती शांतता. ती चार मिनिटे कमी करावीत असे बाईंचे मत होते. मुलांनी ऐकले नाही. आमच्या एका हमाल बंधूंना आम्ही ऐकविली तेव्हा ते मध्येच हेडफोन काढून म्हणाले, 'बंद पडलं का हो हे?'

गुण देण्यापूर्वी ती त्या लोकांना तेथेच ऐकवावी, अशी आमची अट होती. मार्चअखेरीस एका संध्याकाळी काठावर पंधरावीस माणसे जमली. काही मासेमारीच्या संस्थेतले तरुण, काही वाडीवरच्या बाया. तेथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून सर्व आधीच भरून नेले होते. पाच हेडफोन, पाळीपाळीने. तरुणांना वल्ह्याचा आवाज आला की आपले नाव घेतल्यासारखा आनंद होई. आजींनी सबंध बारा मिनिटे उभ्याने ऐकली. त्या शांततेच्या चार मिनिटांत त्यांचे ओठ हलत होते असे एका मुलीने आम्हास नंतर सांगितले. आम्ही पाहिले नाही. आम्ही पाण्याकडे तोंड करून उभे होतो.

मग त्यांनी हेडफोन काढला आणि म्हणाल्या, 'हे पाणी आमचं नाही.'

मुलांना कळेना. त्यांनी समजाविले, आजी, याच काठावर टिपले आहे.

'असंल. पण हे थबथब करतंय. हे धरणाचं पाणी. आमच्या गावाला नदी होती. ती दगडावरनं जायची. रातभर ऐकू यायची. निजायला तिच्याबिगर गोड वाटत नसे. वर ऱ्हायला आलो तव्हा कैक दिवस झोप नाही, ती का, तर नदी ऐकू येत नाही म्हणून.'

अकरा मुले, एक प्राध्यापिका आणि तीस वर्षे लोकांचे ऐकतो म्हणणारे आम्ही. दोन महिने त्या काठावर बसून आम्ही ज्याला ठिकाणाचा आवाज समजलो, तो त्या ठिकाणाला बुडविणाऱ्याचा आवाज होता. लाटेची ती हळू थबथब आम्हास इतकी शांत, इतकी जुनी वाटली होती. ती जुनी नव्हती. ती त्या गावापेक्षा लहान होती.

कृती तशीच सादर झाली, कारण मार्चमध्ये नदी कोठून आणणार? वरच्या अंगाला घोडीचे पात्र तेव्हा कोरडे असते. गुणांचे काय झाले ते आम्ही विचारले नाही. मुले उत्तीर्ण झाली एवढे ठाऊक आहे.

जुलै महिन्यात पावसाची झड लागली असता त्यांतली तिघे, तो मुलगा धरून, आमच्याकडे आली. परीक्षा संपली होती, वर्ग सुटला होता, यंत्र महाविद्यालयातून मागून आणलेले होते. घोड नदी आहुप्याजवळ उगम पावते. तेथून खाली, जलाशयाची फुग लागण्यापूर्वी, ती दगडांवरून जाते अशी एक जागा त्यांना कोणीतरी सांगितली होती. छत्री माइकवर धरून त्यांनी ती टिपली. छत्रीवरचा पाऊस येऊ नये म्हणून छत्रीवर गोणपाट टाकले होते, आणि तिघेही डोक्यापासून पायापर्यंत भिजले होते.

तेथून तसेच वाडीवर गेलो. आजी चुलीपाशी बसल्या होत्या. मुलाने विचारले, 'आजी, ऐकवू का?' त्यांनी मान हलविली. हेडफोन लावून त्या पुष्कळ वेळ ऐकत राहिल्या, चहा निवला. मग म्हणाल्या, 'ही वरची. आमच्या पाणवठ्याला दगड मोठे होते, तिथं ती जाड बोलायची.' आणि हेडफोन काढण्याऐवजी त्यांनी तो दोन्ही हातांनी कानांवर घट्ट धरला.